न पाहिलेल्या पोथ्या : ग्रानादा येथील प्रवासवृत्तांचें साधनमूल्य

प्रवाशानें लिहून ठेविलेलें वृत्त इतिहासाचें साधन म्हणून कितपत ग्राह्य मानावें, हा प्रश्न संशोधकांपुढें वारंवार येतो. आमच्याकडे तो बहुधा एकेका प्रवाशापुरता विचारला जातो आणि त्याचें उत्तरही त्या प्रवाशाच्या स्वभावावरून दिलें जातें. हा सत्यवादी, तो बाताड्या, असा निवाडा झाला कीं प्रकरण मिटतें. हा मार्ग आम्हांस समाधानकारक वाटत नाहीं. एकच स्थळ घ्यावें, त्याविषयीं निरनिराळ्या शतकांत कोणीं काय लिहिलें तें क्रमानें मांडावें, आणि कोणतें विधान कोणाच्या लेखणींतून प्रथम उतरलें तें शोधावें. म्हणजे प्रवासवृत्ताचें खरें स्वरूप कळून येतें. अशा परीक्षेस दक्षिण स्पेनमधील ग्रानादा शहर फार सोयीचें आहे.

हें शहर सुमारें अडीचशें वर्षें नसरी घराण्यांतील सुलतानांची राजधानी होतें. ता. २ जानेवारी १४९२ रोजीं शेवटचा सुलतान अबू अब्दुल्ला, ज्यास युरोपीय लोक बोआब्दिल म्हणतात, यानें तें फेर्दिनांद व इसाबेल या राजदंपतीच्या स्वाधीन केलें. टेकडीवरील अलहम्ब्रा हा तटबंद राजवाडा अद्याप उभा आहे व तो पाहण्यास जगांतील लोक लोटत आहेत. इ. स. १३५० पासून आजपर्यंत या शहराचीं प्रवासवृत्तें लिहिलीं जात आहेत. त्यांचें परिशीलन करितां आम्हांस एक चमत्कारिक गोष्ट आढळली. ग्रानाद्याविषयीं जगभर पसरलेल्या प्रसिद्ध कथांचें मूळ शोधीत गेलें असतां पुनःपुन्हां अशा ग्रंथकाराशीं येऊन थांबावें लागतें कीं, ज्यानें कोणती ना कोणती पोथी सांपडल्याचें सांगितलें आहे, आणि ती पोथी दुसऱ्या कोणीं पाहिलेली नाहीं. पोथ्यांचा संग्रह करणाऱ्या आमच्या वाचकांस हा विषय दूरदेशींचा असला तरी परका वाटणार नाहीं, असें समजून तो येथें मांडीत आहों.

न्यायशास्त्रानें शब्दप्रमाणाची किंमत आप्तावर ठेविली आहे. वस्तु जशी आहे तशी ज्यानें जाणली, आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्यास इच्छा आहे, तो आप्त. यांत अटी दोन आहेत, एक ज्ञानाची व दुसरी हेतूची. आणि एकच मनुष्य एका वाक्यांत आप्त व पुढच्याच वाक्यांत अनाप्त असूं शकतो. म्हणून निवाडा मनुष्याचा न करितां वाक्यावाक्याचा करावा लागतो. या वाक्यांतील गोष्ट त्यानें पाहिली, ऐकली कीं वाचली? लिहिली किती वर्षांनीं? आणि लेखणी कोणाच्या हातीं होती? एवढे प्रश्न आम्ही प्रत्येक वृत्तास विचारणार आहों.

पहिला साक्षी आमच्या परिचयाचा आहे. दौलताबादेचें व तेथील मराठ्यांचें वर्णन लिहिणारा इब्न बतूता हिंदुस्थानांतून परत गेल्यावर इ. स. १३५० मध्यें ग्रानाद्यास आला. त्या वेळीं पहिला यूसुफ हा सुलतान होता. परंतु तो आजारी असल्यामुळें भेट झाली नाहीं. सुलतानाच्या आईनें त्यास सोन्याच्या मोहरा पाठविल्या. राजवाड्याच्या अंतर्भागाचें वर्णन त्याच्या वृत्तांत नाहीं. वर्णन आहे तें नदी, बागा व विद्वान् लोक यांचें. त्यांतच एक लहानशी नोंद आहे. ग्रानाद्यास फकिरांचा एक मेळा स्थायिक झाला होता, त्यांत समरकंद, तब्रीझ, कोनिया, खुरासान येथील लोक असून दोघे हिंदुस्थानचे होते. आमच्या मतें ही नोंद फार मोलाची आहे. तींत कोणाची स्तुति नाहीं, कोणतीही कथा तिच्यावर उभी नाहीं, आणि खोटें सांगून लाभ होण्यासारखें तींत कांहीं नाहीं. अशी निर्हेतुक वाक्यें हींच प्रवासवृत्तांतील अस्सल नाणीं होत.

पण इब्न बतूत्याच्या ग्रंथासही लेखणीचा प्रश्न विचारावा लागतो. ग्रंथ त्यानें स्वतः लिहिला नाहीं. फेझ येथें तो सांगत गेला व इब्न जुझय्य यानें लिहून घेतलें. हें काम १३५५ च्या डिसेंबरांत पुरें झालें. हा लेखक मूळचा ग्रानाद्याचाच. तेथील एका बागेंत प्रवाशाची व त्याची प्रथम गांठ पडली, हें तो स्वतःच नमूद करितो. त्यानें मक्का, दमास्कस इत्यादि ठिकाणचे कांहीं परिच्छेद इब्न जुबैर या पूर्वींच्या प्रवाशाच्या ग्रंथांतून उतरून घेतल्याचें सिद्ध झालें आहे. तेव्हां ग्रानाद्याच्या स्तुतीचा भाग वाचतांना प्रवाशाचा डोळा कोठें संपतो व ग्रामाभिमानी लेखकाची लेखणी कोठें सुरू होते, हें पाहिलें पाहिजे. सुदैवानें इब्न जुझय्य आपली भर पुष्कळ ठिकाणीं आपल्या नांवानें वेगळी दाखवितो. लिपिकारानें प्रक्षेप करावा, पण तो प्रक्षेप म्हणून ओळखूं येईल असा करावा, एवढी प्रामाणिकता आमच्या कित्येक बखरींच्या नकलकारांस साधली असती तर किती बरें झालें असतें!

दुसरा साक्षी न्यूरेंबर्गचा वैद्य हिरोनिमस मुन्त्सर. तो १४९४ च्या ऑक्टोबरांत, म्हणजे शहर पडल्यावर तीन वर्षांच्या आंत, ग्रानाद्यास होता. त्याचें वृत्त लॅटिन भाषेंत असून त्याच्या मित्राच्या, हार्टमान शेडेलच्या, हातची नक्कल म्युनिक येथें राहिली; तींतील स्पेनचा भाग लुडविग फान्डल यानें १९२० मध्यें छापला. सव्वाचारशें वर्षें हा साक्षी दप्तरांत पडून होता, आणि त्यामुळेंच त्याच्यावर पुढच्या कथांचा लेप चढला नाहीं. अलहम्ब्राच्या किल्लेदारानें, तेंदियाच्या काउंटानें, त्यास राजवाडा दाखविला. मुसलमान कारागीर दुरुस्तीचें व रंगाचें काम करीत असलेले त्यानें पाहिले. शहरांतील मोठी मशीद, तेथील दिवे, नमाजास जमलेले लोक, हें सर्व त्यानें डोळ्यांनीं पाहून लिहिलें. ती मशीद आज उभी नाहीं. म्हणून हें वर्णन आतां केवळ वर्णन नसून मूळ साधन झालें आहे. ख्रिस्ती कैद्यांच्या संख्येविषयीं तो लिहितो तें मात्र ऐकीव आहे. जेत्यांनीं सांगितलेला जितांच्या क्रौर्याचा आंकडा कोणत्याही देशांत सावधपणें घ्यावा लागतो.

तिसरा साक्षी व्हेनिसचा वकील आन्द्रेआ नावाजेरो. सम्राट् पांचवा कार्ल १५२६ मध्यें ग्रानाद्यास राहिला तेव्हां हा दरबाराबरोबर तेथें होता. १५२९ त तो वारला व त्याचें प्रवासवृत्त १५६३ मध्यें छापलें गेलें. हा रसिक मनुष्य; वाहत्या पाण्याचें व हेनेरालिफे बागेचें त्याचें वर्णन मनोहर आहे. परंतु त्याची खरी किंमत दुसऱ्या ठिकाणीं आहे. जमीन राखणारे, पाट काढणारे, फळझाडें जोपासणारे लोक हे जुने मुसलमान रहिवासी असून ते कमी होत चालले आहेत, घरें व बागा मोडत आहेत, हें त्यानें नोंदविलें. त्याच वर्षीं धर्मन्यायसभा ग्रानाद्यास आली. तिच्यामुळें या शहराचा नाश होण्याचा संभव आहे, असेंही त्यानें स्पष्ट लिहिलें. वकिलाचा धंदा म्हणजे मालकास खरी बातमी कळविणें. हेतूची अट येथें आपोआप पुरी होते.

या तिघांचें साम्य ध्यानांत घेण्यासारखें आहे. तिघांनींही ग्रानाद्यांत माणसें पाहिलीं. फकीर, नमाजी, गवंडी, माळी असे लोक त्यांच्या पानांत वावरतात. पुढें हीं माणसें पानांतून नाहींशीं होतात, कारण तीं शहरांतूनच नाहींशीं झालीं. इ. स. १५०० च्या सुमारास सक्तीचीं धर्मांतरें झालीं. अरबी भाषा, वेष व चालीरीति यांवर १५६७ मध्यें बंदी आली. १५६८ त बंड झालें. १५७० पासून ग्रानाद्याच्या या प्रजेस उचलून देशाच्या इतर भागांत पांगविण्यांत आलें. आणि १६०९ ते १६१४ या काळांत उरलेल्यांस स्पेनमधूनच घालवून देण्यांत आलें.

माणसांच्या आधीं ग्रंथ गेले. सिस्नेरोस या धर्माधिकाऱ्यानें इ. स. १५०० च्या सुमारास ग्रानाद्यांतील अरबी हस्तलिखितें गोळा करवून बिब-रांब्ला चौकांत जाळलीं. वैद्यकाच्या कांहीं पोथ्या तेवढ्या आल्काला येथील विद्यालयासाठीं वांचविण्यांत आल्या. जळालेल्या ग्रंथांची संख्या निरनिराळे लेखक निरनिराळी देतात, तेव्हां आम्ही ती देत नाहीं. आणि देण्याचें कारणही नाहीं. एखाद्या गांवचें दप्तर जळालें म्हणजे काय होतें, हें वाळवी लागलेला एकच रुमाल सोडून पाहिलेल्या मनुष्यास आंकड्यावांचून समजतें. जळालेल्या दप्तराची जागा रिकामी राहत नाहीं. तीत बनावट दप्तर येऊन बसतें. ग्रानाद्याच्या बाबतींत हेंच झालें, असें आमचें प्रतिपादन आहे. त्याचे तीन दाखले देतों.

पहिला दाखला आन्तोनिओ दे गेवारा या बिशपाचा. शहर सोडून जातांना बोआब्दिलनें एका खिंडींतून मागें वळून पाहिलें व तो रडला. तेव्हां त्याच्या आईनें, पुरुषासारखें जें राखलें नाहींस त्यासाठीं आतां बायकांसारखा रड, अशा अर्थाचा टोमणा मारला, ही कथा कोणास ठाऊक नाहीं? त्या खिंडीस ‘मूराचा सुस्कारा’ असें नांव आहे व प्रवासी तेथें मुद्दाम थांबतात. ही कथा प्रसिद्धीस आली ती गेवाराच्या १५३९ मध्यें छापलेल्या पत्रसंग्रहांतून, म्हणजे प्रसंगानंतर ४७ वर्षांनीं. आधार काय, तर बरोबरच्या एका वृद्ध मूरानें सांगितलें. आणि सांगणारा गेवारा कोण? १५२८ मध्यें रोमन बादशहा मार्कस ऑरेलियस याच्या नांवावर एक ग्रंथ छापून, त्याचें ग्रीक मूळ आपणांस फ्लॉरेन्सच्या ग्रंथसंग्रहांत सांपडलें, असें सांगणारा हाच गृहस्थ. तें मूळ कोठेंही नव्हतें. पेद्रो दे रुआ नांवाच्या एका पंडितानें त्याच्या हयातींतच त्याचे दोष पदरांत घातले. परंतु टोमण्याची कथा खिंडींत जी बसली ती बसलीच.

दुसरा दाखला हिनेस पेरेस दे इता याचा. १५९५ मध्यें यानें ग्रानाद्यांतील यादवीवर पुस्तक छापलें व तें एका अरबी ग्रंथकाराच्या हस्तलिखिताचें भाषांतर असल्याचें सांगितलें. तो अरबी ग्रंथकारही नव्हता व त्याची पोथीही नव्हती. याच पुस्तकानें आबेन्सेर्राहे घराण्यांतील सरदारांची कत्तल बोआब्दिलच्या माथीं मारली. अलहम्ब्रांतील एका दालनास त्या घराण्याचें नांव मिळालें, आणि तेथील संगमरवरी हौदांतील तांबूस डाग रक्ताचे म्हणून दाखविले जाऊं लागले. ते डाग लोखंडाच्या गंजाचे आहेत. वस्तुतः या घराण्यांतील प्रमुखांचा वध १४६२ मध्यें, सुलतान साद याच्या कारकीर्दींत झाला; बोआब्दिल गादीवर आला तो १४८२ त, आणि आला तो याच घराण्याच्या पाठबळानें! ज्यांनीं हात दिला त्यांच्याच खुनाचा आरोप त्याच्यावर चारशें वर्षें राहिला. यांत आणखी एक गंमत आहे. पेरेस दे इता हा १५६८ च्या बंडाच्या मोहिमेंत स्वतः शिपाई होता व आपल्या पुस्तकाच्या दुसऱ्या भागांत त्यानें त्या युद्धाविषयीं लिहिलें. म्हणजे पाहिलेली गोष्टही त्याच्यापाशीं होती. परंतु प्रवाशांनीं उचलला तो रचलेला पहिला भाग. शातोब्रियां १८०७ मध्यें ग्रानाद्यास जाऊन आला व १८२६ त त्यानें आबेन्सेर्राहे घराण्याच्या शेवटच्या पुरुषावर कादंबरी प्रसिद्ध केली. त्यानंतर या नांवास सगळ्या युरोपांत गोडी आली.

तिसरा दाखला वॉशिंग्टन आयर्व्हिंग या अमेरिकन ग्रंथकाराचा. १८२९ च्या उन्हाळ्यांत तो अलहम्ब्रांतच राहिला आणि १८३२ मध्यें त्याचें ‘अलहम्ब्रा’ हें पुस्तक निघालें. पुढील प्रवाशांपैकीं बहुतेकांनीं ग्रानादा पाहिलें तें याच पुस्तकाच्या चष्म्यांतून. या लेखकावर सरसकट ठपका ठेवणें अन्यायाचें होईल. कत्तलीच्या कथेस विश्वसनीय बखरींत आधार नाहीं, हें त्यानें शोधून पाहिलें व पेरेस दे इताकडे बोट दाखवून बोआब्दिलास दोषमुक्त केलें. हें त्याचें काम संशोधकाचें आहे. परंतु त्याच १८२९ सालीं त्यानें ग्रानाद्याच्या पाडावाची जी बखर छापली, ती आंतोनिओ आगापिदा नांवाच्या भिक्षूच्या हस्तलिखितांवरून रचल्याची बतावणी केली. हा भिक्षु कधींच जन्मला नव्हता! पुढें १८५० च्या सुधारलेल्या आवृत्तींत त्यानें तें उघड केलें. तथापि ज्या मनुष्यानें दुसऱ्याची खोटी पोथी पकडली त्यालाच स्वतःची खोटी पोथी रचण्याचा मोह आवरला नाहीं, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

यावर कोणी म्हणेल, कीं कथा म्हणून या गोष्टी रम्य आहेत. त्यांस इतिहासाच्या तराजूंत घालण्याचा अरसिकपणा कां करावा? आमचा रम्यतेशीं वाद नाहीं. गेवाराची कथा १५३९ मधील स्पेनचें मन कळण्यास उत्तम साधन आहे. १४९२ मधील बोआब्दिलचें मन कळण्यास ती साधन नव्हे. ज्या काळीं कथा प्रथम लिहिली गेली त्या काळाची ती साक्ष देते, ज्या काळाविषयीं लिहिली त्याची नव्हे. आणि येथें एका मनुष्याच्या नांवाचाही प्रश्न आहे. बोआब्दिलचे समकालीन साक्षी आहेत. त्याचा दुभाषी एर्नान्दो दे बाएसा याचें स्पॅनिश वृत्त, आणि शहराच्या पाडावाविषयीं एका अनामिक लेखकाचें अरबी वृत्त, हीं दोन्ही म्युलर यानें १८६३ मध्यें म्युनिक येथें एकत्र छापलीं. हीं बाजूस ठेवून खिंडींतला टोमणा व हौदांतले डाग यांवर त्याची परीक्षा करणें म्हणजे अस्सल पत्रें कपाटांत असतां पोवाड्यावरून निकाल देणें होय.

अलहम्ब्राचें खरें दप्तर तर त्याच्या भिंतींवरच आहे. ईश्वरावांचून विजयी कोणी नाहीं, हें नसरी घराण्याचें ब्रीद तेथें ठिकठिकाणीं कोरलें आहे. सिंहांच्या हौदावर व दालनांतून इब्न झम्रक प्रभृति दरबारी कवींचीं काव्यें आहेत. परंतु दैव असें कीं, ज्या इब्न बतूत्यास अरबी वाचतां येत होतें त्यानें राजवाड्याचें वर्णन ठेविलें नाहीं, व सिंहांचा चौक तर त्याच्यानंतर पांचव्या मुहंमदानें बांधला. आणि पुढें जे शेंकडों प्रवासी आंत हिंडले त्यांपैकीं बहुतेकांस त्या भिंतींवरील एक अक्षरही लागत नव्हतें. ज्यास भिंत वाचतां येत नाहीं, तो दाखविणाऱ्याचें तोंड वाचतो. म्हणून जमिनींत बसविलेल्या दोन मोठ्या संगमरवरी फरशांवरून पडलेल्या ‘दोन बहिणीं’च्या दालनाच्या नांवास त्यांनीं खरोखरीच्या दोन बहिणी जोडल्या.

हे लेख प्रथम पद्धतशीर उतरून घेतले ते आलोन्सो देल कास्तियो या धर्मांतरित घराण्यांतील वैद्यानें, १५६४ मध्यें. पुढें नष्ट झालेले कित्येक लेख केवळ त्याच्या नकलेमुळें आज कळतात. १८५९ त लाफुएन्ते आल्कान्तारा यानें ग्रानाद्याचे अरबी लेख छापले, त्यास या कामाचा आधार होता. आणि हाच कास्तियो दुसऱ्या एका प्रकरणांत संशयित आहे. १५८८ मध्यें जुन्या मशिदीचा मिनार पाडतांना एक चर्मपत्र, व १५९५ पासून साक्रोमोन्ते टेकडींत अरबी अक्षरांचे शिशाचे पत्रे निघाले; अतिप्राचीन ख्रिस्ती संतांचे लेख म्हणून त्यांचा गाजावाजा झाला. १६८२ मध्यें पोपनें ते बनावट ठरविले. रोमला गेलेले ते पत्रे २००० सालीं ग्रानाद्यास परत आले. त्यांच्या भाषांतरास नेमलेले कास्तियो व मिगेल दे लूना हेच त्यांचे कर्ते असावेत, असा अनेक संशोधकांचा तर्क आहे. अरबी लेखनास ख्रिस्ती पावित्र्याचें कवच घालून तें वांचवावें, असा त्यांत हेतु असल्यास त्याची कींव येते. पण कींव आली म्हणून शिसें तांबें होत नाहीं. एकाच मनुष्याच्या हातची नक्कल ग्राह्य व त्याच्याच हातचें म्हणून संशयिलेलें शासन त्याज्य, हा विवेक केल्यावांचून गत्यंतर नाहीं.

शेवटीं, डोळ्यांनीं पाहिलें एवढ्यानेंही भागत नाहीं. सिंहांच्या चौकांतील एका मंडपावर १८५९ मध्यें राफाएल कोन्त्रेरास या जीर्णोद्धारकानें रंगीत कौलांचा घुमट चढविला. १९३४ मध्यें तोर्रेस बाल्बास यानें तो उतरविला. मधल्या ७५ वर्षांतील प्रवाशांनीं तो घुमट मूरांचा समजून त्याचें कौतुक केलें असेल, तर त्यांचें प्रत्यक्ष खरें, पण अनुमान खोटें. म्हणून त्यापूर्वीं काढलेलीं चित्रें महत्त्वाचीं ठरतात. रिचर्ड फोर्ड यानें १८३१ व १८३३ च्या मुक्कामांत काढलेलीं रेखाटनें, तसेंच ओवेन जोन्स व जूल गूरी यांनीं १८३४ मध्यें घेतलेलीं मोजमापें हीं त्यांपैकीं होत. गूरी ग्रानाद्यासच पटकीनें वारला. जोन्सनें काम तडीस नेऊन, लेखांचें भाषांतर पास्क्वाल दे गायान्गोस या अरबीच्या पंडिताकडून करवून तें छापलें. फुटपट्टी हातीं घेतलेला प्रवासी कथा कमी सांगतो, हा आमचा अनुभव याही ठिकाणीं खरा ठरतो.

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष आम्हांस असा दिसतो. प्रवासवृत्तांतील निर्हेतुक बारीक नोंदी आधीं वेंचाव्या. ऐकीव आंकडे बाजूस ठेवावे. प्रत्येक सुरस प्रसंगाचें पहिलें लिखित स्थळ व त्याचें वर्ष काढावें. आणि जेथें पोथीचा हवाला असेल तेथें ती पोथी कोणाच्या घरीं, कोणत्या हातची, किती पानांची व कोणीं पाहिली, हें विचारल्यावांचून पुढें पाऊल टाकूं नये. कै. राजवाडे यांनीं १८९८ मध्यें आपल्या साधनांच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेंत बखरींस अस्सल पत्रांच्या कसोटीस लावलें, तीच कसोटी ही. ज्या गांवाचें दप्तर एकदां जळालें आहे, त्या गांवाविषयीं ती दुप्पट कडकपणें लावावी लागते. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या संग्रहांत परदेशी प्रवाशांचीं जुनीं भाषांतरें आहेत, त्यांनीं त्यांतील एखादें स्थळ घेऊन असा क्रम लावून पाहावा. रम्य कथा कांहीं गळून पडतील. पण त्यांच्या जागीं कदाचित् हिंदुस्थानांतून निघून ग्रानाद्यास जाऊन राहिलेले दोन फकीर हातीं लागतील, आणि ते खरे असतील.